वाळूत रुतलेल्या गाडीस, अमृतराव घाटावरून

अमृतराव घाट, काशी
सकाळचे साडेसहा

चि. विजेवर चालणाऱ्या, चारही चाकांत जोर असणाऱ्या थोरल्या गाडीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पेशवाई मायना वाचून हसू नकोस. मी बसलोय त्या पायऱ्याच पेशव्यांच्या आहेत. बाहेर पाटीवर ‘राजा घाट’ लिहिलंय, पण तो राजा म्हणजे आपले अमृतराव, राघोबादादांचे दत्तक पुत्र. डावीकडे पांडे घाट, उजवीकडे नारद घाट. नारद घाटावर नवरा-बायकोनं जोडीनं स्नान केलं की भांडण होतं, अशी इथली समजूत. भांडणाचा त्याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक आहे: एकानं दुसऱ्याला गाडी शिकवायची. म्हणून भाच्यानं त्याच्या बायकोला सोडून मला तुझ्यात बसवलं. ‘मामा, तू जीप चालवायचास ना, मग ही काय, लोणी आहे,’ असं म्हणाला. लोणी होतीसच. लोण्यात सुरी उतरते तशी तू वाळूत उतरलीस.

तुझी कंपनी कोणती ते मी इथे लिहीत नाही. रुतलो ते माझ्या पायानं, तुझ्या कारखान्याचा त्यात दोष नाही. शिवाय हे पत्र तुझ्या सगळ्याच जातीला आहे.

समोर नदीपलीकडे बघ. ऊन आलंय आणि नजर जाईल तिथवर पांढरी रेती आहे. अलीकडे एवढे दगडी घाट नि पलीकडे एक भिंतही नाही, याचं लहानपणी मला नवल वाटायचं. नदी इथं उत्तरेकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार जोरात लागते, तिथला कंकराचा घट्ट कडा ती झेलतो आणि त्याच्या आधारानं घाट उभे आहेत. आतल्या अंगाला पाणी मंदावतं आणि उचलून आणलेलं सगळं तिथं टाकून देतं. पावसाळ्यात ती रेती पाण्याखाली जाते, हिवाळ्यात वर येते. वर आली की घोडे येतात, उंट येतात, आणि हल्ली तुझ्यासारख्या गाड्याही.

तिथं तुला न्यायला मी नाही म्हटलं, त्यावरून भाचा फुरंगटला होता. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा हा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ साली कासवांसाठी राखून ठेवला होता. गंगेतली घाण खाणारी कासवं पाळून इथं सोडायची, असा तो बेत. पुढं अभयारण्य इथून उठलं. पण कासवाला शासननिर्णय वाचता येत नाही, ते अंडी वाळूतच घालतं. कोकणात वेळासला कासवांची घरटी राखणारे लोक मी पाहिलेत. तेव्हापासून किनाऱ्यावरची चाकांची खूण बघितली की माझ्या पोटात कसंसंच होतं. म्हणून आपण कटेसरच्या बाजूला, भाच्याच्या ओळखीतल्या एका शेतात गेलो. पुरानं त्यात गुडघाभर वाळू टाकली होती आणि पीक निघण्यासारखं नव्हतं. मालक म्हणाला, खेळा.

आता तो प्रसंग लिहितो. तुझ्या बाजूनं तू तो कुठं नोंदवून ठेवला असशीलच.

माझी जुनी जीप सव्वा-दीड टनाची होती. तू सव्वादोन टनांची, त्यात पोटाखाली सपाट पसरलेली बॅटरीच चार-पाच क्विंटल. हे आकडे मला माहीत होते, पण पायाला माहीत नव्हते. जीप वाळूत शिरली की तिला धाप लागायची. इंजिनाचा आवाज खाली बसायचा, गिअरची दांडी हातात थरथरायची, आणि बंद पडण्याच्या आधी ती दोन-तीनदा तसं सांगायची. माझा खरा मास्तर म्हणजे ते कण्हणं होतं. तू कण्हत नाहीस. तुझ्या मोटरला पहिल्या फेऱ्यापासूनच पूर्ण जोर मिळतो, म्हणून अर्धा क्लच नाही, बंद पडणं नाही, उतरत्या गिअरचा वेगळा डबाही लागत नाही. एखादं चाक फिरायला लागलं की पापणी लवायच्या आत तू त्याचा जोर कमी करून दुसऱ्याला देतेस. वीस वर्षं घासून माझ्या डाव्या पायानं जे शिकून ठेवलं होतं, ते तू एका पडद्यात टाकलंस. वाळू, चिखल, खडक, बर्फ अशी चित्रं त्यावर आहेत. ‘उतर आणि आधी चालून बघ’ असं चित्र मात्र कोणी काढलेलं नाही.

मी वाळूच्या चित्राला बोट लावलं. पहिली शंभर पावलं अशी गेलीस की मला मिशी असती तर मी तिला पीळ दिला असता. पुढं अरहरीचा, म्हणजे तुरीचा, बांध आला, वळायचं म्हणून मी पाय सोडला. जीप अशा वेळी आपसूक घरंगळत पुढं जाते. तू थांबलीस. पाय सोडला की तू मोटरची उलटी वीज करून ब्रेक लावतेस आणि ती बॅटरीत भरतेस, हे गावात किती कौतुकाचं! वाळूत त्याच ब्रेकनं पुढच्या चाकांसमोर दोन ढीग जमले. मी घाबरून पाय दाबला. तू आज्ञाधारक, मागितलं तेवढं सगळं दिलंस. मागची चाकं बसली, मग पोट बसलं. हे सगळं होईपर्यंत आवाज एकच, टायरखाली रवा भाजल्यासारखी बारीक खसखस. तीच धोक्याची घंटा होती. मला ती ऐकू आली, पण कळली नाही.

शेजारच्या शेतातून ट्रॅक्टरवाला उतरून आला. भाच्याचं म्हणणं, दोर लाव आणि ओढ. त्यानं मान हलवली. तो आधी तुझ्याभोवती एक फेरी मारून आला, बैल विकत घ्यायला आल्यासारखा. मग मला म्हणाला, ‘गोड़ हल्का रखा, भइया.’ गोड म्हटल्यावर माझ्या मराठी कानाला काहीतरी गुळाचं वाटलं. भोजपुरीत गोड़ म्हणजे पाय. पाय हलका ठेवा. तुझ्या जाडजूड पुस्तिकेतलं वाळूचं पान मी नंतर वाचलं, त्यात याहून जास्त काही नाही.

मग त्यानं फावड्यानं चाकांपुढचे ढीग काढायला लावले, मलाच. टायरची हवा सोडायला लावली, पस्तिसावरून अठरापर्यंत. हवा निघताना रबराचा जमिनीवरचा ठसा लांबत जातो ते मी उकिडवा बसून बघितलं. पंजाएवढा होता तो वीतभर झाला, बुडाला जरा पोटही सुटलं. वजन तेवढंच, पण आता ते पसरून बसलं होतं. मग पुढं नाही, मागं यायचं, आपणच पाडलेल्या चाकोरीतून, चाकं सरळ धरून. पाय सोडल्यावर लागणारा तो ब्रेक भाच्यानं पडद्यात शोधून शून्यावर आणला. तू बाहेर आलीस. दोर लागलाच नाही. ट्रॅक्टरवाल्यानं चहाशिवाय काही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच ब्रेक मी देवासारखा आळवला. बंधाऱ्याच्या कच्च्या उतारावर त्याच्याच जोरावर तू मुंगीच्या पावलानं खाली येतेस, जीपला पहिल्या गिअरमध्ये जे जमायचं त्याहून सुरेख. फक्त सकाळी भाच्यानं हौसेनं तुला शंभर टक्के भरलं होतं. भरल्या बॅटरीला उताराची वीज घ्यायला जागाच नसते. त्यामुळं पहिल्या उतारावर तू नेहमीसारखी धरली नाहीस आणि मला साध्या ब्रेकवर यावं लागलं. घाट उतरायचा तर घरून पोट भरून निघू नये, हे आजी माणसांना सांगायची.



आता तिकडं आपल्या मुलखात तुझ्या बहिणी वाढतायत. चाकणला महिंद्राच्या होतात, त्यांना जोर मागच्या दोन चाकांत. टाटांची दोन मोटरवाली हॅरिअर जून २०२५ला आली, ती चारही चाकांनी चढते. इगतपुरीजवळ महिंद्राची अकादमी आहे, तिथं थारवर लोक चिखल आणि खडक शिकत आलेत. तुझ्यासाठी वेगळा वर्ग लागेल असं मला वाटतं. जुन्या वर्गात यंत्र कसं हाताळायचं हे आधी आणि जमीन कशी वाचायची हे नंतर शिकायचं. तुझ्या बाबतीत यंत्राचा धडा दहा मिनिटांत संपतो. उरते ती नुसती जमीन. आणि चालवणाऱ्याला मात्र वाटतं, धडा संपला.

वजनाचं म्हणशील तर काल संध्याकाळी नावेतून शिंदे घाटापर्यंत गेलो. बायजाबाई शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकात तो एवढा भारी दगडाचा उठवला, की आपल्याच भारानं तो नदीत बसला, असं सांगतात. पुढं नवा बांधावा लागला. शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ अजून कलून उभं आहे. नावाडी रोज त्याचा फोटो काढून देतो. मला त्याच्याकडं बघताना अरहरीच्या बांधाशी बसलेली तू आठवलीस. दगड उत्तम, कारागीर उत्तम, पैसा उदंड, आणि खाली गाळ.

अमृतरावांच्या पायऱ्या मात्र अजून सरळ आहेत. त्यांची गोष्ट तुला सांगतो, कारण इथं बसून दुसरं काही सुचत नाही. ऑक्टोबर १८०२मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज मोडली. बाजीराव पळाला, पुण्याचा कारभार अमृतरावांच्या हाती आला. चारही चाकांना जोर मिळाला म्हण. डिसेंबर संपता संपता तिकडं बाजीरावानं इंग्रजांशी वसईचा तह केला आणि खालची जमीन बदलली. वसंतात वेलस्लीचे स्वार पुण्यावर आले, तेव्हा अमृतराव शहर सोडून निघून गेले. त्याच साली इंग्रजांशी करार करून त्यांनी सालीना सात लाखांची नेमणूक घेतली आणि पुढं काशी-करवीकडं राहिले, इथंच १८२४मध्ये वारले. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांना दोन ओळी होत्या आणि त्या दोन्ही ओळींत ते दुबळे होते. बाजीरावानं पाय दाबतच ठेवला. १८१८ला तो कुठवर रुतला ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ब्रह्मावर्तापर्यंत ओढून नेणारा दोर इंग्रजांचा होता. अमृतरावांनी इंग्रजांचा पैसा घेतला हे मला आवडत नाही. पण ते वेळेवर मागं आले, हे परवापर्यंत मला भित्रेपण वाटत होतं. परवा कटेसरच्या शेतात फावडं हातात आल्यावर तसं वाटेनासं झालं.

ऊन चढलं. खालच्या पायरीवर एक नावाडी नावेतलं पाणी डब्यानं उपसतोय. समोरच्या रेतीवर कोणाची तरी गाडी गेलीच. इथून किड्याएवढी दिसते, सरळ चालली आहे, अजून तरी.

माझी गाडी संध्याकाळची, रुळांवरची. तू भाच्याकडंच राहशील. भाचेसुनेला शिकवायला तो तुला रविवारी पुन्हा त्याच शेतात नेणार आहे. तिचा पाय त्याच्यापेक्षा हलका आहे, हे त्याला मी सांगितलेलं नाही, ते तुझ्याकडूनच कळू दे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
डावा पाय रिकामा राहिलेला मामा

ता. क. हवा भरायचा पंप डिकीत गालिच्याखाली उजव्या हाताला ठेवलाय. शेतातून डांबरी रस्त्यावर यायच्या आधी चारही चाकं पुन्हा पस्तिसावर आणायला सांग. अठरावर रामनगरच्या पुलावरून पळवलीस तर टायर तापेल, आणि भाचा पंप शोधत बसेल.