तेल कुठे घालायचे?

मुलाच्या खेळण्यातली गाडी नीट पळेनाशी झाली की आपण पालक मंडळी दोन गोष्टी करतो. ज्याच्या खिशात पैसे असतात तो नवी आणतो आणि ज्याच्या खिशात नसतात तो तिच्या चाकात तेल सोडतो. मी दुसऱ्या वर्गातला. त्या तेलाने माझी कशी फजिती केली, ते सांगतो.

२०१९ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी मुलांची अभ्यासिका चालवीत होतो. शेजारच्या टॉवरमधील एका कुटुंबाने घर आवरताना निघालेली खेळणी एका मोठ्या खोक्यात भरून आमच्याकडे पाठविली. टॉवरच्या जागी पूर्वी काय होते, हे गिरणगावातल्या वाचकाला सांगायला नको. खोक्यात बाहुल्या होत्या, ठोकळे होते आणि तळाशी प्लॅस्टिकचे रोलर कोस्टर होते. रुळाचे तुकडे एकमेकांत अडकवायचे, गाडी उंचावर ठेवायची आणि सोडून द्यायची. ती उतारावरून सुसाट खाली येते, मग एका उभ्या गोलातून डोके खाली करून फिरते आणि पलीकडे सपाटीवर निघते. गाडी वर ओढणारी साखळी तुटली होती, पण त्याचे काही अडत नव्हते. गाडी हाताने वर ठेवता येत होती.

अडत होते ते गोलात. गाडी वर चढायची, माथ्याजवळ थबकायची आणि टपकन खाली पडायची. दहा वेळा सोडली, दहाही वेळा पडली. सहावीतला एक मुलगा म्हणाला, "काका, बिघडलेलंच देतात आपल्याला." बाकीची मुले हसली, पण मला हसू आले नाही. देणाऱ्याच्या मनात तसे नसेलही. पण दहा-अकरा वर्षांच्या पोराने हे इतक्या सहज म्हणावे, हे मला बोचले.

आमच्या पिढीने रोलर कोस्टर पाहिले ते टी.व्ही.वरच्या जाहिरातीत. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने आमच्या घरातला पगार कायमचा बंद केला होता. तिकिटाचा विषय घरात काढायचाच नसतो, हे मुलांना न सांगता कळते. म्हणून मी हट्टालाच पेटलो. ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीचा मुलांचा कार्यक्रम होता. त्यात हे रोलर कोस्टर चालवून दाखवायचे आणि मुलांनीच त्यामागचे विज्ञान सांगायचे, असे मी जाहीर करून टाकले. कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "खेळणं कशाला? मुलांना भाषणं द्या पाठ करायला." मी ऐकले नाही.

घरून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी नेली आणि चारही चाकांच्या दांड्यांवर दोन-दोन थेंब सोडले. गाडी त्या संध्याकाळी तीनदा गोलातून गेली! मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मनातल्या मनात इंजिनीयर झालो. पुढच्या रविवारी मात्र गाडी गोलाच्या अर्ध्यावरही चढेना. चाकांभोवती काळा चिकट मळ जमला होता. आणखी तेल घातले, तर आणखी बिघडली.

गाडी खिशात घालून घरी आलो. आबा, म्हणजे माझे वडील, खाटेवर बसले होते. वय पंचाहत्तर. गिरणीत रिंग खात्यात तेलवाले होते. संपानंतर त्यांनी कधी वॉचमन तर कधी हमाल म्हणून दिवस काढले आणि गिरणीबद्दल बोलणे सोडून दिले. कोणी विषय काढलाच तर "झालं ते झालं" म्हणून कूस बदलायचे. मी गाडी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली, कानाजवळ नेली आणि बोटाने एकेक चाक फिरवले.

त्यांचे ते कानाशी नेणे पाहून मला एकदम माझी बेअरिंगची गाडी आठवली. लहानपणी चाळीतल्या आम्हा पोरांचे खरे वाहन तेच. एक फळी, पुढे वळवायला बोल्टवर बसवलेली आडवी पट्टी आणि चाकांच्या जागी गॅरेजवाल्याने टाकून दिलेली बेअरिंगे. बेअरिंगवर नंबर कोरलेला असे आणि आम्हाला ते नंबर पाढ्यासारखे पाठ होते. ६२०३ म्हणजे आतले भोक १७ मिलिमीटर, बाहेरून ४० मिलिमीटर. ६२०४ म्हणजे भोक २०, बाहेरून ४७. मिळाले तर मागे ६२०४, पुढे ६२०३. रॉकेलमध्ये धुवायचे, जुने ग्रीस काढायचे, पातळ तेल घालायचे आणि बंदच्या दिवशी पुलाचा उतार गाठायचा. (तो जुना डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि नवा पूर्ण खुला व्हायला २०२३ उजाडले.) आबांनी एकदा माझे एक बेअरिंग असेच कानाशी धरून फिरवले होते आणि म्हणाले होते, "यातली गोळी फुटलीय, हे लावू नको." मी लावले. उतारावर बेअरिंग धरले, फळी फिरली, आणि कोपरावरची ती खूण अजून आहे.

"तेल कोणी घातलं?" आबांनी विचारले.

"मीच."

"का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सगळेच घालतात म्हणून घातले.

मग आबा जे बोलले, ते मी चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. रिंग खात्यात सूत पिळणारा स्पिंडल मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो बसतो त्या बुडातल्या नळीत तेल लागतेच, नाहीतर स्पिंडल तापून जातो. पण त्याच स्पिंडलभोवती पोलादी रिंग असते आणि तिच्यावर नखाएवढी कडी पळत असते. तिला ट्रॅव्हलर म्हणतात. तीही तितक्याच जोरात पळते. तिला मात्र तेलाचा थेंब चालत नाही. सुताला डाग पडतो, धूळ-तंतू चिकटून बसतात आणि धागा तुटू लागतो. कापसाचाच बारीक भुगा रिंगवर पसरतो आणि त्यावरून ती घसरत राहते. "एका वितीच्या आत दोन जागा," आबा म्हणाले. "एकीला तेल, एकीला नाही. हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात कुपी द्यायची नाही."

खेळण्यातल्या गाडीचे चाक उघडे. धूळ रोखायला त्याला ना झाकण ना नळी. तिथे तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

पुढच्या रविवारी आबा स्वतःहून अभ्यासिकेत आले. खुर्ची दिली तर नको म्हणाले, सतरंजीवर मुलांच्या मध्ये बसले. त्यांनी पहिल्यांदा गाडीला हातच लावला नाही. मधल्या लांब पॅसेजमध्ये पुस्तकांच्या चळतीवर रुळाचा एक तुकडा तिरपा ठेवला, गाडी सोडली आणि जिथे थांबली तिथे खडूने रेघ मारायला लावली. "आधी मोजायचं, मग दुरुस्ती. नाहीतर सुधारली का बिघडली, कसं कळणार?" गाडी जेमतेम दोन हात गेली होती. तळमजल्यावरच्या सातवीतल्या एका मुलीने वही घेतली आणि तेव्हापासून प्रत्येक आकडा तिने लिहिला.

चाके काढली तर दांड्यांवर केस गुंडाळलेले, गालिचाचे धागे गुंडाळलेले. आबा म्हणाले, आमच्या रोलरलाही रुई अशीच गुंडाळायची. चिमट्याने सगळे काढले. मग कोमट पाणी आणि साबण, जुना टूथब्रश, आणि रात्रभर वाळवणे. एका मुलाने थिनर आणले होते, ते आबांनी परत पाठवले, कारण थिनरने आणि पेट्रोलने प्लॅस्टिक विरघळते, नाहीतर चिरते. दांड्या आरशावर लोळवून पाहिल्या. सरळ दांडी गुपचूप लोळते, वाकडी उड्या मारते. एक वाकडी निघाली, ती हळूहळू सरळ केली. चाकांच्या आतल्या कडेला साच्यातून निघताना राहिलेला प्लॅस्टिकचा ओठ होता, तो नखे घासायच्या कानशीने घासला.

तेलाच्या जागी आबांनी विचारले, "तेलाशिवाय गुळगुळीत काय असतं?" शंखजिरे, मेण, अशी उत्तरे आली. पेन्सिल सुचली ती त्या वहीवाल्या मुलीला. पेन्सिलच्या शिशात ग्राफाइट असते, ते कोरडेच निसटते आणि धूळ धरत नाही. चित्रकलेची मऊ पेन्सिल घ्यावी, तिच्यात माती कमी असते. कागदावर पूड घासली आणि दांडीला बोटाने चोळली. (बॅटरीचे खेळणे असेल तर ही पूड तारांपासून दूर ठेवा, ग्राफाइटमधून वीज वाहते.) खडूची रेघ दोन हातांवरून सात हातांवर गेली.

तरी गोल काही पार होईना! आता काय? इथे माझी बी.कॉम. पदवी कामाला आली, असे मी घरी सांगत असतो. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकावरून हिशेब मांडला. गाडीने वेग कुठून आणायचा? ठेवलेल्या उंचीतून. ती तिची जमा. गोलाच्या माथ्यावर रूळ न सोडता जायचे, तर काहीही घर्षण नसतानासुद्धा गोलाच्या उंचीच्या सव्वापट उंचीवरून निघावे लागते. आमचा गोल २४ सेंटिमीटरचा, म्हणजे ३० सेंटिमीटर हवेत. आम्ही गाडी सोडत होतो ४० वरून. शिल्लक फक्त १०. माथ्यावर पोहोचेपर्यंत चाके, रूळ आणि हवा मिळून जो काही खर्च करतील, तो या दहात बसला पाहिजे. मुलांना हे लगेच समजले. महिनाअखेरीचा हिशेब त्यांनी घरोघरी पाहिलेला आहे.

मग खर्च कुठे होतोय ते शोधणे सुरू झाले. खऱ्या रोलर कोस्टरच्या गाडीला रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही चाके असतात, म्हणून ती उलटी झाली तरी सुटत नाही. खेळण्यात बाजूला नुसते प्लॅस्टिकचे कान असतात, आणि ते रुळाला घासत होते. कानांवरही ग्राफाइट चोळले. मग वजन. एका मुलाचे म्हणणे, जड गाडी जोरात पडणार. खरे पाहता जड आणि हलके सारख्याच वेगाने पडते. पण हलक्या गाडीला हवेचा आणि सांध्यांच्या धक्क्यांचा त्रास जास्त होतो. एक रुपयाचे नाणे तळाशी चिकटवले, फरक पडला. उत्साहाने तीन चिकटवली तर दांड्या वाकल्या आणि चाके अंगाला घासू लागली. पुन्हा एकावर आलो.

खरा चोर शेवटी वहीवाल्या मुलीने पकडला. गाडी सोडून तिने डोळे मिटले आणि नुसते ऐकले. "आबा, गोलात शिरताना 'टक्' वाजतंय." तिथे रुळाचे दोन तुकडे जुळत होते आणि पुढचा तुकडा केसभर वर आला होता. प्रत्येक वेळी गाडी तिथे ठेचकाळत होती. आम्ही महिनाभर गाडीला दोष देत होतो! खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. गाडी गोलातून गेली. पुन्हा सोडली, पुन्हा गेली.

आबा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मुलांना त्यांनी आपल्या वडिलांची, माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा गिरणीत लागले तेव्हा विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा धागा इतरांना बाटवणारा वाटे. त्या खात्यात पगार जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी याविरुद्ध आवाज उठवला होता. आजोबांना यंत्रांची फार आवड. विणाई खात्याच्या दाराबाहेर उभे राहून ते मागांचा आवाज ऐकायचे आणि कुठला माग बिघडलाय ते बाहेरूनच ओळखायचे. "आत जाऊन हात मात्र लावता आला नाही," आबा म्हणाले, आणि गाडी उचलून त्यांनी त्या मुलीच्या हातात दिली. ही गोष्ट मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

३ जानेवारीला गाडी वीस वेळा सोडली, सतरा वेळा पार झाली. तीन वेळा का पडली, हेही मुलांनीच सभेला सांगितले. पॅसेजमधून माणसे चालली की टेबल हलते आणि पुठ्ठा सरकतो. कमिटीतले ते ज्येष्ठ कार्यक्रमानंतर टेबलापाशी आले आणि स्वतः चार वेळा गाडी सोडून पाहिली.

त्यानंतरच्या रविवारी ती मुलगी आणि तिची आई दोघी मिळून शिलाई मशीन उचलून आमच्या दारात आल्या. तिची आई ब्लाउज आणि फॉल-बिडिंगवर घर चालवीत होती आणि मशीन कितीतरी दिवस जड चालत होते. मेकॅनिकने मोटर बदलायला सांगितली होती. आबांनी चष्मा पुसला, पॅडलची माळ काढली, चाक हाताने फिरवले आणि मुलीला म्हणाले, "कान लाव." मग बॉबिनखालची जाळी उघडून दोऱ्याचा आणि धुळीचा गच्च बसलेला गोळा त्यांनी चिमट्याने बाहेर काढला.

"आता तेल घालू?" तिने विचारले.

"आता घाल. ही भोकं दिसतात ना, तिथे एकेक थेंब. आणि या पट्ट्यावर अजिबात नाही." तिने कुपी हातात घेतली आणि एकेक भोक मोजत थेंब सोडू लागली.