कॅननवाले, निकॉनवाले

तुळशीची लग्नं लागली की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या फोटोग्राफरांची झोप उडते. संध्याकाळी उल्हासनगरात सिंधी लग्नाची वरात, दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथच्या हॉलमध्ये मुहूर्त गाठायचा, आणि रात्री बदलापूरजवळच्या गावात आगरी घराची हळद, ती पहाटेपर्यंत चालणार. मोठ्या ऑर्डरवर चार-पाच जण असतात. ट्रॅडिशनलवाला, कॅन्डिडवाला, व्हिडिओवाला आणि लाइट धरणारा एखादा पोरगा. पुष्कळदा ते एकमेकांना त्याच दिवशी भेटलेले असतात. नावगाव विचारायच्या आधी बॅगा उघडतात, गळ्यातल्या पट्ट्यावरची अक्षरं दिसतात, आणि कोण कोणाशेजारी बसणार ते ठरून जातं. हा कॅननवाला, तो निकॉनवाला, आणि गेल्या काही वर्षांत वाढत चाललेले सोनीवाले.

बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. फोटो तर सगळ्यांचेच चांगले येतात, मग कंपनीवरून एवढी चुरस कशाला? पण या निष्ठेला हसण्याआधी ती कशाची बनली आहे ते पाहायला हवं.

हळदीत रात्री एक वाजता बॅटरी संपते. डीजे सुरू आहे, नवरदेवाचे मित्र त्याला खांद्यावर घेऊन नाचताहेत, आणि स्क्रीनवर लाल खूण लुकलुकते आहे. अशा वेळी कॅननवाल्याला एलपी-ई६ लागते, निकॉनवाल्याला ईएन-ईएल१५, सोनीवाल्याला एनपी-एफझेड१००. तिन्ही कंपन्यांचे बहुतेक व्यावसायिक कॅमेरे वर्षानुवर्षं याच कुळांतल्या बॅटऱ्यांवर चालत आले आहेत, आणि एकीची बॅटरी दुसरीत जात नाही. शेजारच्याचा कॅमेरा आपल्याच जातीचा असेल तर काम चालू राहतं. जी गोष्ट बॅटरीची, तीच ७०-२०० लेन्सची आणि फ्लॅशची. ही लेन्स महाग असते, ती प्रत्येकाकडे नसते, आणि लग्नसराईत ती या हातातून त्या हातात फिरते. ज्याच्याकडून लेन्स मागता येते, त्याच्याच कंपनीचा कॅमेरा घेण्यात शहाणपण असतं. म्हणून नवखा मुलगा ‘कोणता कॅमेरा चांगला’ असं विचारण्याऐवजी ‘दादाकडे कोणता आहे’ हे पाहतो. ज्या दादाच्या मागे दोन सीझन लाइट धरून हिंडला, त्याची कंपनी ती आपली कंपनी. ही गुरुपरंपरा आहे, आणि ती कुठल्याही जाहिरातीपेक्षा घट्ट आहे.

दुसरी गोष्ट बोटांची. समोरून पाहिलं तर कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवून बसवतात, निकॉनची उलट दिशेनं. झूमची रिंगही दोघांची एकमेकांविरुद्ध फिरते. कागदावर हा फरक क्षुल्लक आहे. पण मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं संपतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात आणि त्या क्षणाला हात विचार न करता फिरावा लागतो. दहा वर्षं एका दिशेला फिरलेलं मनगट तेव्हा जर उलटं फिरलं, तर चौकटीत दोघांच्या चेहऱ्यांऐवजी अख्खा मांडव येतो. ते लग्न पुन्हा लागत नाही. असा हात कंपनी बदलायला तयार नसेल तर त्याला दोष कसा द्यायचा?

या सगळ्याच्या मुळाशी माउंट आहे, म्हणजे बॉडीवरचं ते धातूचं कडं ज्यात लेन्स अडकते. निकॉननं १९५९ साली निकॉन एफ कॅमेऱ्याबरोबर एफ माउंट आणला आणि तो २०२० च्या डी६ पर्यंत चालवला. साठ वर्षं एकच कडं! कॅननचा रस्ता वेगळा. १९८५ मध्ये मिनोल्टानं ७००० हा ऑटोफोकस कॅमेरा काढून सगळ्यांची धांदल उडवली. तेव्हा कॅननच्या लक्षात आलं की आपल्या जुन्या एफडी माउंटवर ही नवी करामत नीट बसणार नाही. १९८७ साली त्यांनी एफडी सोडून दिला आणि ईओएस ६५० बरोबर ईएफ माउंट आणला, जास्त रुंद आणि पूर्णपणे विजेवर चालणारा. ज्यांनी कष्टाच्या पैशातून एफडी लेन्स जमवल्या होत्या, त्यांच्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला निरुपयोगी ठरल्या. त्यांचा संताप रास्त होता. पण त्याच निर्णयानं पुढे कॅननला खेळांच्या मैदानांवर आणि लग्नांच्या मांडवात आघाडीवर नेलं. जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालेल, या निकॉनच्या वचनालाही भोकं होती. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या स्वस्त बॉड्यांत फोकसची मोटर नव्हती, म्हणून जुनी ५० एमएम लेन्स त्यांवर बसायची खरी, पण फोकस हातानं करावा लागायचा. पहिलाच निकॉन हौसेनं घेतलेल्या कित्येकांना हे घरी आल्यावर समजलं.

या दोन तंबूंतल्या लोकांना एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. कॅनन कंपनीनं विकलेल्या पहिल्या कॅमेऱ्याला, १९३६ च्या हान्झा कॅननला, निक्कोर लेन्स होती. ती निप्पॉन कोगाकूनं बनवली होती, आणि निप्पॉन कोगाकू म्हणजेच आजची निकॉन.

रंगाचं भांडण मात्र जुनं आणि चिवट. ‘कॅननचा स्किन टोन’ हे शब्द या पट्ट्यातल्या कुठल्याही अल्बम डिझायनरच्या टेबलावर ऐकू येतात. तांत्रिक माणूस म्हणेल की रॉ फाइलमध्ये रंग हवा तसा वळवता येतो. पण एका लग्नाचे हजारो फोटो निघतात, करिझ्मा अल्बमची घाई असते, आणि म्हणून बरेचजण जेपीईजीच काढत आले. जेपीईजीत कॅमेऱ्यानं केलेला रंग हाच रंग. हळदीच्या रात्री तर परीक्षाच असते. अंगभर पिवळं, वर एलईडीचे निळे-जांभळे झोत, मागे हॅलोजन. त्या गोंधळात नवरीच्या गालाचा रंग जो कॅमेरा कमी बिघडवतो, त्याच्यावर फोटोग्राफरचा जीव जडतो. दुरुस्तीत गेलेल्या रात्रींतून शिकून तो हे ठरवतो. त्याचं मत चुकीचं असू शकेल, पण ते उसनं नसतं.

बदलापूरच्या हौशी मंडळींची निष्ठा थोडी निराळी. बारवी धरणाच्या जंगलाकडे पहाटे निघणाऱ्या पक्षीवेड्यांना अंतर कापायचं असतं. २०१५ मध्ये निकॉननं २००-५०० एमएमची एक लेन्स काढली. एवढी लांब आणि तरी मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात येऊ शकणारी. ती घ्यायची तर बॉडी निकॉनची लागणार. इथे लेन्सवर मन बसतं, कंपनी मागून येते. अंबरनाथच्या शिवमंदिरात मात्र उलटं. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारांचं देऊळ काळ्या पाषाणाचं आहे. बाहेरच्या भिंतींवर अंगुळभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही, आणि दुपारच्या उन्हात शिल्पांच्या सावल्या इतक्या गडद पडतात की महाग कॅमेराही हात टेकतो. तिथे कंपनीपेक्षा वेळेला महत्त्व. पावसाळ्यात ढगाळ सकाळी ओल्या दगडावर नक्षी जशी उठून दिसते, तशी एरवी दिसत नाही. पण हाच पावसाळा लेन्समध्ये फंगस धरतो. उल्हास नदीच्या काठच्या दमट घरांत, प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स ठेवतात, आणि तिथे कॅनन, निकॉन एकाच डब्यात नांदतात.

मग सोनी आली. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टानं कॅमेऱ्याचा धंदा सोडला आणि तो सोनीकडे गेला. निकॉनच्या कितीतरी कॅमेऱ्यांत सोनीनंच बनवलेले सेन्सर होते, डी८०० हे त्यातलं ठळक नाव. २०१३ मध्ये सोनीनं आरसा काढून टाकलेला फुल फ्रेम ए७ आणला, २०१८ मध्ये ए७ थ्री. डोळ्यावर आपोआप फोकस धरणारा हा कॅमेरा कॅन्डिडवाल्यांनी उचलला. त्याच वर्षी निकॉननं झेड आणि कॅनननं आरएफ असे नवे माउंट आणले. दोन्ही घराण्यांतल्या लोकांसमोर एकदमच प्रश्न उभा राहिला की लेन्स नव्यानंच जमवायच्या, तर मग याच कंपनीच्या का? जगभर डिजिटल कॅमेऱ्यांची रवानगी २०१० मध्ये १२ कोटींच्या वर होती, ती २०२१ मध्ये ८४ लाखांच्या आत आली. मोबाइलनं खालचा सगळा बाजार खाल्ला. ऑलिम्पसनं आपला कॅमेऱ्यांचा विभाग विकला. अशा काळात कंपनीकडून निष्ठेची परतफेड मागण्यात अर्थ नव्हता.

पण दुकानदाराकडून ती मिळत होती, आणि ही बाजू फार कमी लिहिली जाते. उल्हासनगर वसलं ते फाळणीत सर्वस्व मागे टाकून आलेल्या माणसांनी. कल्याण कॅम्प नावाच्या लष्करी छावणीला १९४९ साली हे नाव मिळालं, आणि त्या माणसांनी तोंडी शब्दावर धंदे उभे केले. त्या बाजाराचा स्वभाव आजही तोच. मोठी खरेदी मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात होत असेल, पण बॉडी दुरुस्तीला गेली तर तेवढ्या दिवसांसाठी दुसरी देणारा आणि पैसे सीझन संपल्यावर घेणारा माणूस ओळखीतलाच असतो. तो ज्या कंपनीचा माल ठेवतो, तीच गिऱ्हाइकाची कंपनी होते. जपण्यासारखी निष्ठा असेल तर ती ही.

माउंटच्या बदलात सर्वांत जास्त ओढाताण झाली ती जुन्या निकॉनवाल्यांची. झेड बॉडीवर जुन्या लेन्स लावायला कंपनीनं एफटीझेड नावाचा अ‍ॅडॉप्टर दिला, पण त्यात मोटर नाही. त्यामुळे ८०-२०० डी सारखी वजनदार, मांडवामांडवांत झिजलेली लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते आणि ऑटोफोकस सोडून देते. नवी ७०-२०० घ्यायची तर एका सीझनची कमाई तिथेच जाते. म्हणून आज बरेचजण बॅगेत दोन कप्पे करतात. एकात झेड६ आणि तिची लेन्स. दुसऱ्यात २०१४ ची डी७५०, कारण तिच्यात मोटर आहे आणि ८०-२०० अजून सप्तपदीचे फोटो पहिल्यासारखेच काढते.