केंटकीच्या आकाशातील छोटी जेट विमाने

अमेरिकेतील लुईव्हिल शहर मागे टाकून आग्नेयेकडे निघाले, की सुमारे शंभर किलोमीटरवर लेबनॉन हे केंटकी राज्यातील लहानसे गाव लागते. वाटेत मंद चढउतारांची हिरवी कुरणे, कुंपणाआड चरणारे घोडे आणि तंबाखू वाळविण्याची काळवंडलेली लाकडी कोठारे दिसतात. येथील सीडर वृक्षांवरून बायबलमधील लेबनॉनची आठवण होऊन गावास हे नाव मिळाले. शेजारच्या परगण्यात १८०६ साली अब्राहम लिंकन यांच्या माता-पित्यांचा विवाह झाला होता.

या शांत गावाच्या विमानतळावर अनेक वर्षे जुलै महिन्यात ‘जेट्स ओव्हर केंटकी’ हा मेळावा भरत आला आहे. खऱ्या विमानांसाठी बांधलेल्या धावपट्टीवरून तेव्हा दोन-तीन मीटर लांबीची जेट विमाने झेपावतात. त्यांचा वैमानिक आत नसतो. तो धावपट्टीच्या कडेला, गळ्यात ट्रान्समीटर अडकवून उभा असतो.

प्रथमदर्शनी हे मुलांच्या खेळण्याचेच मोठे रूप वाटते. इंजिन सुरू होताच तो समज मावळतो. पाण्याच्या बाटलीएवढ्या त्या टर्बाइनला आधी लहानशी विद्युत मोटर फिरविते, मग इंधन पेट घेते आणि बारीक शीळ चढत चढत गर्जनेत बदलते. आतील चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. बाहेर पडणारा वायू सहाशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. हवेत पसरणारा वास मात्र आपल्या ओळखीचा, जुन्या स्टोव्हमधील रॉकेलचा! कारण इंधन मुख्यतः तेच असते.

एवढे लहान जेट इंजिन घडविणे एके काळी अशक्यप्राय मानले जाई. १९९० च्या सुमारास कुर्ट श्रेक्लिंग या जर्मन हौशी संशोधकाने ते घरगुती साधनांनी करून दाखविले. त्यांच्या इंजिनातील हवा दाबणारे चक्र चक्क प्लायवुडचे होते आणि त्याला कार्बन धाग्यांचे वेष्टन होते. आपली रीत त्यांनी पुस्तकातून सर्वांपुढे मांडली. आज कारखान्यांत बनणाऱ्या अशा इंजिनांना त्या प्रयत्नांनी वाट करून दिली.

परंतु या छंदाचे खरे आकर्षण यंत्रात नाही, ते उड्डाणात आहे. विमान उभे वर्तुळ घेते, स्वतःभोवती गिरक्या मारते, कुशीवर कलून सरळ रेषेत जाते आणि मागे पांढऱ्या धुराची रेघ सोडते. खऱ्या विमानातील वैमानिकाला कलल्याचे, वेगाचे, वजनाचे भान शरीरातून मिळते. जमिनीवर उभ्या माणसाला हे काहीच मिळत नाही. त्याला केवळ डोळ्यांनी पाहून मनाने त्या विमानात जाऊन बसावे लागते. विमान समोरून येऊ लागले, की त्याचे डावे-उजवे उलटते. विमान पाठीवर उडत असेल, तर एरवी नाक खाली नेणारी दांडीची हालचालच त्याला वर उचलते. विचार करायला सवडच नसते. ताशी ३२० किलोमीटर वेगाने ते एका सेकंदात जवळजवळ नव्वद मीटर पुढे गेलेले असते. त्या आठ-दहा मिनिटांत मनात दुसरा विषय शिरूच शकत नाही. ही एकाग्रताच पुन्हा पुन्हा माणसांना येथे ओढून आणते.

एवढ्या वेगाचे ओझेही तेवढेच असते. वीस किलोंचे, इंधनाने भरलेले विमान भरकटले, तर हानी केवळ पैशांची राहत नाही. म्हणूनच अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या १९३६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांनुसार टर्बाइन विमान उडविण्यास वेगळी परवानगी लागते आणि कौशल्य सिद्ध करावे लागते. वेगाला मर्यादा आहे, इंजिन सुरू करताना अग्निशामक जवळ हवा आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून उड्डाण नाही. रेडिओ-संपर्क तुटल्यास इंजिन आपोआप मंदावावे वा बंद व्हावे, अशीही योजना असते. वैमानिकाशेजारी उभा साहाय्यक आकाशावर नजर ठेवून सूचना देत असतो.

खरी कसोटी लागते ती उतरताना. टर्बाइनला पुन्हा जोर धरण्यास काही सेकंद लागतात. त्यामुळे उशिरा आलेली जाग उपयोगी पडत नाही. अंतर, उंची आणि वारा यांचा अंदाज आधीच बांधावा लागतो. चित्तथरारक कसरतींना टाळ्या पडतात, पण जाणती मंडळी चाके अलगद टेकतात त्या क्षणाची वाट पाहतात. उतरण्याचा रंग बिघडला, तर तो फेरा पुन्हा वर नेण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

जुलैतील ऊन कडक असते. टोपी, पाणी आणि कानांत घालण्यास बोळे जवळ असावेत. हाताशी आणखी एखादा दिवस असेल, तर उत्तरेला इंडियाना राज्यातील मन्सी येथे याच संस्थेचे प्रतिकृती-विमानांचे संग्रहालय आहे, तेही पाहावे. वेगाचे वेड जगात सर्वत्र आहे. त्या वेगाला लगाम घालण्यातला आनंद मात्र लेबनॉनच्या या धावपट्टीवर अगदी जवळून पाहावयास मिळतो.