ढब्बू

आमच्या माणदेशात कासव म्हटलं की दोनच ठिकाणं डोळ्यांसमोर येतात. एक महादेवाच्या देवळातलं, नंदीपुढं दगडात कोरलेलं. दुसरं विहिरीतलं. कोरड्या रानात राहणारं, गवत खाणारं कासवही असतं हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. तेही एक पिल्लू मारता मारता कळलं.

२०२० सालचा मार्च महिना. लॉकडाऊन लागायच्या आदल्या आठवड्यात थोरला मुलगा बायको-पोराला घेऊन पुण्याहून गावी आला. कंपनी बंद, पगार बंद. नातू तेव्हा नऊ वर्षांचा. सगळ्यांच्या हातात पिशव्या आणि ह्याच्या हातात बुटांचा खोका. झाकणाला भोकं पाडलेली. मला वाटलं चिमणीचं पिल्लू असेल. झाकण काढलं तर आत वाटीएवढं कासव. काळंभोर, आणि पाठीच्या एकेका खवल्यावर पिवळ्या रेघा अशा फुटलेल्या की जणू चांदण्याच उगवल्यात.

"आबा, हा ढब्बू," नातू म्हणाला.

मुलानं शहरातल्या कुठल्याशा बाजारातून ते आणलं होतं. विकणाऱ्यानं सांगितलं, घरात कासव असलं की पैसा टिकतो. किती रुपये दिले ते पोरगा मला अजून सांगत नाही. आणि पैसा तर महिन्याभरातच गेला होता.

नातू मुळातच अबोल. शाळा सुटली, मित्र सुटले, बाप दिवसभर फोन हातात धरून ओसरीवर बसलेला. पोरगं बोलायचं ते फक्त त्या कासवाशी. म्हणून मला वाटलं, आपण जन्मभर बैलं सांभाळली, शेळ्या सांभाळल्या, हे एवढंसं जितराब आपल्याला काय जड जाणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ते उचललं आणि गोठ्यापुढच्या दगडी डोणीत सोडलं. डोण काठोकाठ भरलेली. कासवाला पाण्यासारखं सुख नाही, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. ते पाय मारत खाली गेलं. मी म्हटलं, बघा कसं पोहतंय. आणि बैल बांधायला गेलो.

आमच्या मंडळीनं पाहिलं म्हणून बरं. ती पाणी न्यायला आली तर कासव तळाला, मान बाहेर लोंबलेली. तिनं ते काढलं आणि करडू गुदमरलं की आपण जसं उलटं धरतो तसं तोंड खाली करून धरलं. तोंडातून, नाकातून पाणी आलं. बऱ्याच वेळानं एक पाय हलला. नातू शेजारी उभा. रडला नाही, ओरडला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला. ती नजर मला आजही आठवते.

"पोहतंय का न्हाई ते बघायला थांबायचं तरी," मंडळी एवढंच बोलली.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. मांजर धरील म्हणून ते प्लॅस्टिकच्या टबात घालून माजघरात ठेवलं. अंधारात. खायला भाकरी दुधात कुस्करून, भात, केळं. केळ्यावर ते तुटून पडायचं, म्हणून रोज केळं. जीव लावण्यात कुणी कमी केलं नाही. पण तीन आठवड्यांत त्याचे डोळे मिटायला लागले. मागचे पाय फरफटायला लागले. एके दिवशी नातू म्हणाला, "आबा, ह्याची पाठ दबतेय." मी अंगठ्यानं हळूच दाबून पाहिलं. ओल्या खोबऱ्याच्या पातळ वाटीसारखी पाठ आत जात होती.

त्याच दिवसांत आमची गाय व्याली आणि तिची वार अडकली. सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. गाईचं काम झाल्यावर हात धुताना त्यांचं लक्ष टबाकडं गेलं.

"हे कुठलं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ते उचललं आणि त्याचा पाय माझ्यापुढं धरला. "बघा की पाटील. हत्तीच्या पायासारखा हाय का न्हाई? पाण्यातल्या कासवाच्या बोटांमधी पडदा असतो. हे कोरड्या रानातलं. स्टार कासव म्हणत्यात ह्याला."

माझ्यासमोरच त्यांनी जंगली प्राण्यांवर इलाज करणाऱ्या आपल्या एका मित्राला फोन लावला आणि विचारून विचारून मला एकेक गोष्ट सांगितली. मी दिनदर्शिकेच्या मागं पेन्सिलीनं लिहून घेतली.

पाठ मऊ का पडली? डॉक्टर म्हणाले, "दुधाळ गाय व्याल्यावर कॅल्शियम कमी पडून बसती ना? तसंच हे." कासवाची पाठ म्हणजे वरून घातलेलं चिलखत नव्हे, ते त्याचं हाडच असतं. पाठीचा कणा, बरगड्या त्यातच जुळलेल्या. त्या पाठीला स्पर्शही कळतो. वाढत्या पिल्लाला हाडासाठी कॅल्शियम लागतं, आणि ते अंगी लागायला ऊन लागतं. खरं ऊन, काचेतून आलेलं नव्हे. आम्ही त्याला दोन्ही दिलं नव्हतं. वर दूध, भात, केळं, म्हणजे त्याच्या पोटाला जे कधी माहीतच नव्हतं ते.

दुसऱ्या दिवसापासून नातू आणि मी कामाला लागलो. गोठ्याच्या मागं, सकाळचं ऊन येतं तिथं, जुन्या विटा लावून सहा फूट बाय चार फुटाचं कुंपण केलं. आत माती आणि वाळू. एका कोपऱ्यात फुटकं मडकं आडवं पुरलं, ती त्याची गुहा. अर्ध्या भागावर सावली केली, कारण ऊन हवं तसं उन्हातून पळायला जागाही हवी. कासवाला घाम येत नाही. भर उन्हात सावली मिळाली नाही, किंवा ते उलथं पडलं आणि सरळ होता आलं नाही, तर थोड्या वेळात मरतं. वरून तुराट्यांची जाळी बांधली. कावळा असलं पिल्लू सोडत नाही, आणि मुंगूस तर नाहीच.

खायला हराळी, पाथरीचा पाला, जास्वंदीची फुलं, काटे काढून फड्या निवडुंगाची कोवळी पानं. लसूणघास गाईला चांगला म्हणून मी टाकायला लागलो, तर डॉक्टरांनी बजावलं, चवीपुरता. लवकर वाढावं म्हणून पौष्टिक चारलं की पाठीवरचे खवले एकेक टेकडीसारखे वर येतात आणि पाठ वेडीवाकडी होते. आणि फवारणी केलेल्या रानातलं पान तर अजिबात नको. ह्या एका अटीनं माझे डोळे उघडले. बांधाबांधानं फिरलो तेव्हा लक्षात आलं, तणनाशक न पडलेला बांध आमच्या शिवारात शोधावा लागतो. शेवटी देवळामागच्या पडीकातून नातू रोज मूठभर पाला आणायचा.

कॅल्शियमसाठी डॉक्टरांनी समुद्रफेन सुचवला. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पांढरा, ठिसूळ. समुद्रातल्या माकुल नावाच्या प्राण्याच्या अंगातला तो भाग. पुढच्या खेपेला त्यांनीच एक तुकडा आणून दिला. किसणीवर किसून पाल्यावर भुरभुरायचा.

आणि पाणी? पाणी लागतंच, पण परातीतलं. सकाळी कोमट पाणी, त्याच्या हनुवटीच्या खाली राहील इतकंच, आणि त्यात पंधरा मिनिटं. तेवढ्यात ते पाणी पिऊन घेतं, मुतून घेतं. समोर बसून राहायचं, उठायचं नाही. हे काम नातवानं कुणाला करू दिलं नाही, मला तर नाहीच. नंतर साबणानं हात धुवायचे, कारण कासवाच्या अंगावरच्या जंतूंनी माणसाचं पोट बिघडतं. हात धुवायची सवय त्या साली सगळ्या देशालाच लागली होती.

मे संपता संपता पाठ कडक झाली. डोळे मण्यांसारखे चमकायला लागले. सकाळी नातवाच्या पावलांचा आवाज आला की ते मडक्यातून तोंड बाहेर काढायचं. पोरगंही बदललं. आजीला हाका मारायला लागलं, वाड्यातल्या पोरांना बोलावून कुंपण दाखवायला लागलं. त्याचा बाप ओसरीवरून उठला आणि माझ्याबरोबर खुरपायला यायला लागला.

आता माझी चूक सांगतो, डोणीपेक्षा मोठी. पहिल्याच दिवशी जाताना डॉक्टर म्हणाले होते, "पाटील, हे घरात ठेवणं गुन्हा हाय. वन्यजीव कायदा हाय त्याला. जगलं की वनखात्याला कळवा." मी मान डोलावली आणि कळवलं नाही. आज करू, उद्या करू, करत दोन महिने काढले. लॉकडाऊन आहे, कोण येणार, अशी स्वतःचीच समजूत घातली. खरी गोष्ट एवढीच की नातवाचं हसणं मला मोडायचं नव्हतं.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला. हवा गार पडली आणि कासवाच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. पोतं, उबदार जागा, सगळं केलं, दोन दिवसांत बरं वाटलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही. विहिरीतलं कासव आठवत राहिलं.

मी लहान असताना वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ओढ्याच्या डोहातलं एक काळं कासव धरून बादलीतून विहिरीत सोडलं होतं. विहिरीत कासव असलं की पाणी निर्मळ राहतं, अशी आमच्याकडं रीत. मी पाण्याला गेलो की वाकून बघायचो. ते वर यायचं, नाक बाहेर काढायचं, पुन्हा खाली. मग १९७२ चा दुष्काळ आला. ओढा आटला, विहिरीचा तळ दिसला. माणसं खडी फोडायच्या कामावर, पोटाला मिलो आणि सुकडी. दादा गाळ काढायला विहिरीत उतरले तर खपारीला टेकून कासव मेलेलं. त्यांनी ते पाटीत घालून वर आणलं, बांधाकडंला खड्डा केला आणि म्हणाले, "डोहात आसतं तर गेलं आसतं कुटंबी वल शोधत. आपुन कडा तासून ठिवल्या. जायाला वाटच न्हाई ठिवली."

मी बारा वर्षांचा होतो. पुढं कळलं, वन्यजीवांचा कायदा त्याच १९७२ सालचा. आमच्या विहिरीपर्यंत तो काही पोचला नव्हता. पण आता मला सगळं माहीत होतं आणि तरी मी विटांचा कडा तासून बसलो होतो.

सकाळी नातवाला कुंपणापाशी बसवलं आणि विहिरीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग आपण ह्याला माळावर सोडू." मला ते पटलं. पण १९२६ ह्या वनखात्याच्या नंबरावर फोन केला तेव्हा तिकडून सांगितलं, सोडू नका, आम्ही येतो.

चार दिवसांनी वनरक्षक आले. त्यांनी पोराला समजावलं, मोठ्या माणसाला समजवावं तसं. ही कासवं एकीकडं गुजरात-राजस्थानच्या बाजूची, दुसरीकडं आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूची. खाली श्रीलंकेतही आहेत. वाळल्या गवतात त्या पिवळ्या रेघा मिसळून जातात, कासव दिसतच नाही. चोरटे लोक पिल्लं पिशव्यांत भरून नेतात. वाटेत कितीतरी मरतात, उरलेली विकतात. वेगवेगळ्या मुलखातली एकत्र कोंबल्यामुळं रोग लागतात, आणि असं कासव कुठंही सोडलं की तो रोग तिथल्या कासवांना. म्हणून आधी तपासणी, उपचार, आणि मग त्याचा मुलूख कळला तर तिकडं. २०२२ साली कायदा दुरुस्त झाला आणि हे कासव पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला जाऊन बसलं. तेव्हा तो वनरक्षक मला आठवला.

मुलानं आणि मी कागदावर सह्या केल्या. नातवानं खोक्यात हराळी अंथरली. समुद्रफेनाचा उरलेला तुकडा कागदात बांधून वनरक्षकाच्या हातात दिला आणि विचारलं, "तिथं ह्याला परातीत कोण बसवणार? आणि समोर बसून राहतात ना?"

"राहतात," ते म्हणाले.

आठ दिवस पोरगं कुंपणाकडं गेलं नाही. मीही विटा हलवल्या नाहीत. मग एका सकाळी तो म्हणाला, "आबा, आपल्या शेततळ्यात कुणी पडलं तर?"

आमचं शेततळं प्लॅस्टिकच्या कागदाचं. कडा गुळगुळीत, उतरती. त्याआधीच्या उन्हाळ्यात एक ससा त्यात मेलेला मीच काढला होता आणि फेकून दिला होता. आम्ही तिघं, नातू, त्याचा बाप आणि मी, कामाला बसलो. काथ्याच्या जाड दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या, जुनी गोणपाटं शिवून पट्टे केले आणि चारही बाजूंनी काठापासून पाण्यात सोडून खुंट्यांना बांधले.

आता नातू पुण्यात असतो, आठवीत गेला. दर रविवारी फोन करतो. आजीची चौकशी करतो, गाईची करतो, आणि मग हमखास विचारतो, "आबा, गोणपाट कुजलं का? बदललं का?"

दर उन्हाळ्यात बदलतो. मागच्या साली बदलताना पट्ट्यावर चिखलाची पावलं दिसली, खालून वर आलेली. कशाची होती ते ओळखता आलं नाही. फोटो काढून पोराला पाठवला.