खटक्याची दांडी

पॅनलच्या कामाला नवा पोरगा आला की मी त्याच्या हातात तीन पिनांचा टॉगल स्विच आणि मीटर देतो. दांडी वर कर आणि मधल्या पिनेशी कुठली पीन जुळली ते सांग. तो हमखास वरची सांगतो, आणि मीटर गप्प. बहुतेक छोट्या टॉगलमध्ये आतली पट्टी लहान मुलांच्या सी-सॉसारखी मधल्या पिनेवर डोलते. दांडी वर गेली की तिचं आतलं टोक खाली जातं आणि पट्टी खालच्या पिनेवर टेकते.

खरी करामत स्प्रिंगची. दांडीने मध्य ओलांडला की पुढचं काम ती उरकते. बोट कितीही रेंगाळो, कॉन्टॅक्ट झटकन सुटायला हवा. न्यूकॅसलच्या जॉन होम्सने 1884 मध्ये असा झटक्याने तुटणारा स्विच केला, तो ठिणगी रेंगाळू नये म्हणून. आपला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपसूक विझते. डीसीला ती सवड नाही. म्हणून सोलरच्या डीसी लाइनवर घरातला साधा खटका ठोकलेला दिसला की माझं डोकं फिरतं.

लोकांना खटका म्हणजे चालू-बंद एवढंच वाटतं. जिन्यातल्या दिव्याचे दोन स्विच घ्या: दांडी खाली म्हणजे चालू, हा आपला नियम तिथे लटका पडतो. (अमेरिकेत तर वर म्हणजे चालू.) लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारवरच्या टॉगलला ‘बंद’ नाहीच, मानेजवळचा पिकअप, ब्रिजजवळचा, की दोन्ही, एवढंच तो निवडतो. 14 नोव्हेंबर 1969 ला अपोलो 12 वर उड्डाण होताच वीज कोसळली आणि यानाचे आकडे भरकटले. जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातल्या जॉन एरनने सुचवलेला खटका अ‍ॅलन बीन या अंतराळवीराने यानात ‘ऑक्स’वर टाकला, आणि आकडे परतले. तिथेही काही बंद केलं नव्हतं, पुरवठा फक्त दुसऱ्या वाटेने घेतला.

फोनमधल्या टॉगलला ना स्प्रिंग, ना पीन. त्यावर ‘म्यूट’ लिहिलेलं असतं. म्हणजे आवाज आत्ता बंद आहे, की दाबल्यावर होईल? मी पंपाच्या पॅनलवर दांडीच्या वर ‘ऑटो’, मध्ये ‘बंद’, खाली ‘मॅन्युअल’ असं तिन्ही जागी लिहितो. त्याला रंगाचा एक छोटा डबा लागतो, बस.