दवाखान्यात न आलेल्यांचे दात

ड्युनेडिन, फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

सुखरूप पोहोचले. मुंबई ते सिंगापूर, तिथून क्राइस्टचर्च, आणि शेवटचा टप्पा पंख्याच्या छोट्या विमानाने. खाली नजर जाईल तिथवर कुरणं आणि मेंढ्या. शहर डोंगरउतारांवर वसलंय आणि समुद्राचा एक लांबट फाटा थेट शहरापर्यंत आत आलाय. 1848 साली स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी ते वसवलं. ओटागो विद्यापीठ 1869 चं, देशातलं सगळ्यात जुनं. डेंटल कॉलेज 1907 चं, आणि आजही अख्ख्या न्यूझीलंडमधलं एकमेव. सध्या उन्हाळा आहे म्हणतात, पण संध्याकाळी स्वेटर लागतो. आईने बळेच दिलेली शाल रोज वापरते, हे तिला सांगा.

पीएचडीला इथे वर्ग नाहीत, हजेरी नाही, लेखी पेपर नाहीत. आपला प्रश्न ठरवायचा, काम करायचं, प्रबंध लिहायचा. तो तीन परीक्षक वाचतात, त्यातला एक परदेशातला असतो, आणि शेवटी तोंडी परीक्षा. परदेशी पीएचडी विद्यार्थ्यांना फी इथल्या मुलांइतकीच आहे. ते नसतं तर आपल्याला झेपलंच नसतं.

विभागातल्या माझ्या खोलीत मलेशियाचा एक आणि फिजीची एक, दोघंही डेंटिस्ट. चेअरपाशी काम केलेली माणसं पटकन एकमेकांची होतात. पण पहिल्याच बैठकीत मार्गदर्शकांनी सांगितलं, इतकी वर्षं तुम्ही समोरच्या एका तोंडाचा विचार केलात, आता त्या तोंडामागे जी हजार तोंडं आहेत त्यांचा करा. ऐकताना मला आपली ओपीडी आठवली. दाढ ठणकायला लागली की माणूस येतो, आपण ती काढतो किंवा रूट कॅनाल करतो. त्याच्याच गल्लीतली, तशीच दाढ असूनही न आलेली माणसं आपल्या कुठल्याच कागदावर नसतात. कीड नेमकी किती जणांना आहे, कुणाला जास्त आहे आणि का, हे ती माणसं धरल्याशिवाय कळणार नाही. एपिडेमिऑलॉजीचं सगळं शिक्षण त्या न आलेल्यांपर्यंत पोहोचण्याचं आहे, असं मला वाटतं.

त्यासाठी हेच गाव का, ते आता सांगते. 1 एप्रिल 1972 ते 31 मार्च 1973 या वर्षात इथल्या क्वीन मेरी प्रसूतिगृहात जन्मलेल्या मुलांमधली 1037 मुलं तिसऱ्या वर्षी तपासली गेली. फिल सिल्वा यांनी ते काम सुरू केलं, आणि तीच माणसं आजतागायत तपासली जातायत. हृदय, फुप्फुसं, मन, पैसा, नाती, आणि दातसुद्धा. पंचेचाळिसाव्या वर्षी हयात असलेल्या 997 पैकी 938 जण तपासणीला आले. कुणी परदेशात असेल तर त्याला विमानाचं तिकीट काढून बोलावतात. आपल्याकडे सहा महिन्यांनी बोलावलेल्या पेशंटपैकी किती येतात ते तुम्हीच सांगा.

तुमची,
मनू


ड्युनेडिन, जून

ती. बाबांना सा. न.

थंडी कडाक्याची आहे, दुपारी साडेचारनंतर उजेड जायला लागतो, आणि जुन्या लाकडी घरांत बाहेरच्याइतकंच गार असतं. अभ्यास मात्र जोरात चाललाय. या आठवड्यात कॅलिब्रेशन झालं. वृद्धांच्या एका सर्व्हेसाठी आम्हा परीक्षकांचे डोळे आणि हात एका मापावर आणायचे होते. त्याबद्दल तुम्हाला सविस्तर लिहायचंय, कारण इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही तुम्हाला ते नवं वाटेल.

हत्यारं दोनच: सपाट आरसा आणि गोल टोकाचा प्रोब. त्याच्या टोकाचा मणी अर्ध्या मिलिमीटरचा, आणि वर साडेतीन ते साडेपाच मिलिमीटरपर्यंत काळा पट्टा. टोचून बघायचं नाही. दात पुसायचा, उजेड पाडायचा, बघायचं आणि शेजारी बसलेल्या लेखनिकाला आकडा सांगायचा. चांगला दात शून्य, कीड एक, भरलेला पण पुन्हा किडलेला दोन, नुसता भरलेला तीन, किडीमुळे गेलेला चार.

आम्हाला तपासायला आलेल्या स्वयंसेवकांत मॉसगीलच्या लोकर गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेल्या एक आजी होत्या. त्यांच्या खालच्या दाढेच्या खाचेत तपकिरी डाग होता. मी शून्य म्हटलं, मलेशियाच्या मित्राने एक. दिवा जवळ घेतला, पुन्हा पुसलं, मणी हलकेच फिरवला. खाच कडक, कडा शाबूत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्व्हेच्या पुस्तकातला नियम असा, की शंका असेल तर कीड लिहायची नाही. तो म्हणाला, माझ्या क्लिनिकमध्ये मी हिला नक्की ड्रिल लावलं असतं. खाजगी दवाखान्यात आपण सगळेच लावतो, बाबा. तिथे चुकून राहिलेल्या किडीची भीती असते. इथे प्रत्येकाने आपापल्या भीतीप्रमाणे आकडा लिहिला, तर दोन गावांमधला फरक म्हणून जे दिसेल तो खरं तर दोन डॉक्टरांमधला फरक असेल.

किती जुळलं ते मोजायला कप्पा वापरतात. शंभरातले नव्वद दात चांगलेच असले, तर डोळे मिटून ‘शून्य, शून्य’ म्हणणारे दोघंही बहुतेक ठिकाणी जुळतील. असं योगायोगाने होणारं जुळणं वजा करून उरतं ते कप्पा सांगतो. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये ते सूत्र मांडलं. आमचा आकडा मान्य होईपर्यंत आम्ही पुन्हा पुन्हा तपासत राहिलो, आणि त्या आजी एकदाही कुरकुरल्या नाहीत.

त्यांच्या तोंडात चांदी ठासून भरलेली. शाळेतल्या डेंटल नर्सचं काम, असं त्या म्हणाल्या. 1921 पासून या देशाने मुलींना दात भरायला शिकवून थेट शाळांमध्ये बसवलं. मुलं शाळेतल्या त्या दवाखान्याला ‘मर्डर हाउस’ म्हणायची. पण डॉक्टर नाही म्हणून कुठल्या खेड्यातलं पोर उपचाराविना राहू नये, हा विचार शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी केला आणि अमलात आणला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आजही अठरा वर्षांपर्यंत बहुतेक उपचार मोफत आहेत. त्यानंतर ज्याचे त्याने पैसे भरायचे.

तुमची,
मनू


ड्युनेडिन, ऑगस्ट

ती. बाबांना सा. न.

तुम्ही फोनवर विचारलंत, इतकी वर्षं तीच माणसं तपासून मिळालं काय? दोन गोष्टी सांगते.

2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याच माणसांवर रिची पोल्टन आणि सहकाऱ्यांचा लेख आला. लहानपणी गरिबीत वाढलेल्यांचे दात आणि हिरड्या सव्विसाव्या वर्षी अधिक वाईट होत्या. यात नवल नाही. पण त्यातले जे पुढे चांगल्या नोकरीला लागले, चार पैसे बाळगून राहिले, त्यांचंही लहानपणीचं नुकसान भरून निघालेलं दिसलं नाही. बाबा, आपल्याकडे येणारा तरुण इंजिनियर, बाप ऊसतोडीला जाणारा, आणि तोंडात इतकी पडझड. आपण त्याला विचारायचो, ब्रश करत नाहीस का नीट? मला आता तो प्रश्न विचारवणार नाही.

दुसरा लेख 2008 चा, जोनाथन ब्रॉडबेंट यांचा. कायमच्या दातांना लागणारी कीड पोरवयात उसळते आणि मग थांबते, अशी आपली समजूत. इथे पाचव्या वर्षापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या नोंदी लावून पाहिल्यावर कीड वाढण्याचा वेग जवळजवळ सारखाच निघाला. म्हणजे शाळेत शिबिर घेऊन सुटका नाही. आणि मोफत उपचार नेमके अठराव्या वर्षी थांबतात! हे एकदाच केलेल्या सर्व्हेत कधीच दिसलं नसतं. सर्व्हेत आजचा विशीतला आणि आजचा चाळिशीतला शेजारी उभे दिसतात, पण ती दोन वेगळ्या काळांत वाढलेली वेगळी माणसं असतात.

ही माहिती हाताळण्याची शिस्त बघून मी थक्क झाले. आधी आपला प्रश्न आणि विश्लेषणाची पद्धत लिहून मंजूर करून घ्यायची, मगच आकडे मिळतात. आकड्यांत हात घालून जे सापडेल त्यावर लेख लिहायची सोय नाही. लेख तयार झाला की दुसरा विश्लेषक फक्त आपलं लिखाण वाचून सगळं गणित स्वतंत्रपणे पुन्हा करतो; उत्तर तेच यायला हवं. शिवाय विद्यापीठातल्या संशोधनाबाबत न्गाइ ताहू या इथल्या माओरी समाजाच्या समितीशी सल्लामसलत करावी लागते. ज्यांच्यावर संशोधन होणार त्यांना त्यातून काय मिळणार, हे त्यांच्यासमोर मांडायचं. आपल्याकडे कुठल्या पाड्यावर तपासणीला जाताना हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

आणि आता तुम्हाला आवडेल असं. ग्रंथालयात 1972 चा ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’ उघडला आणि समोर आपला पुणे जिल्हा! टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता, कोपनहेगनचे पिंडबोर्ग आणि त्यांचे सहकारी. खेड्यांतल्या 1,01,761 माणसांची तोंडं तपासलेली, कॅन्सर आणि त्याआधीचे पांढरे चट्टे शोधत. पुढे याच गटाने केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या 36,000 तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना नुसतं समजावून सांगून काय फरक पडतो ते वर्षानुवर्षं पाहिलं; 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं. जिथे लोकांनी ऐकलं तिथे नवे चट्टे कमी झाले. मशेरी लावणाऱ्या बायकांना तुम्ही तोंडी सांगत आलात, ते सांगणं वाया जात नाही याचा हा पुरावा आहे. एमडीएसला मी पब्लिक हेल्थ घेतलं तेव्हा ‘मार्कं कमी पडली का?’ असं विचारणाऱ्यांना हे काम माहीतच नव्हतं. आम्हालाही ते परीक्षेपुरत्या दोन ओळींत शिकवलं होतं. हा वारसा आपला आहे, आणि मला तो ड्युनेडिनमध्ये भेटावा याचं वाईट वाटतं.

तुमची,
मनू


ड्युनेडिन, नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न.

थंडी ओसरली, दिवस लांबले. प्रबंधाचा आराखडा मंजूर झाला, त्याचे पेढे आईला माझ्या वतीने वाटायला सांगा.

परत येऊन काय करणार, हे तुम्ही पत्रात विचारलंय. कऱ्हाडला दवाखाना चालवीनच, पण त्याच्या जोडीला तालुक्यातली काही गावं निवडून, एका वर्षात जन्मणाऱ्या सगळ्या बाळांची नोंद करायची आणि पहिल्या दातापासून त्यांच्या मागे राहायचं, असं माझ्या मनात आहे. तुमच्या वह्यांत हजारो नावं आहेत, पण ती फक्त आलेल्यांची. अपूर्णांकातला अंश आहे, छेद नाही. छेद गावातून आणावा लागतो, घरोघर जाऊन.

हे आपल्याकडे होत नाही, असं म्हणू नका. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 मध्ये अजून गरोदर नसलेल्या विवाहित बायकांपासून सुरुवात केली आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला, मधुमेहाची मुळं शोधण्यासाठी. ती गावं टिकली, माणसं येत राहिली. दात त्यात जोडायचे तर लागतं ते थोडकं: आरसा, प्रोब, उजेड, एका मापावर आणलेले दोन-तीन डोळे, आणि ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेलं कुटुंब पुन्हा शोधून काढणारी एखादी खमकी आशाताई. सगळ्यात अवघड शेवटचंच आहे. गळतात ती नेमकी गरीब घरं, आणि ती गळली की उत्तरच बदलतं.

तेव्हा एक काम करा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी तुमची ओळख आहे. त्यांना विचारा, अंगणवाडीतली जन्माची आणि वजनाची रजिस्टरं किती वर्षं जपून ठेवतात, आणि स्थलांतरित मुलांचं नाव गाव सोडल्यावर कमी करतात की तसंच ठेवतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आधी कळवा.

तुमची,
मनू