चाकरमानी, पॅरिसचे

रत्नागिरीचं पोर पुण्या-मुंबईच्या ऑफिसात लागलं की त्याच्या वाट्याला दोन कामं हमखास येतात. मे महिन्यात हापूसच्या पेट्या मागणाऱ्यांना तोंड द्यायचं आणि वर्षभर ‘थिबा पॅलेस तुमच्याकडेच ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं. पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ब्रह्मदेशचा राजा आमच्या गावात करत काय होता?

खरं सांगायचं तर मलाही तो प्रश्न कधी पडला नव्हता. पडला तो एका अमेरिकन कादंबरीमुळे.

अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द सन ऑल्सो रायझेस’ १९२६ साली आली, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. मीही २७ची आहे. ऑफिसने तीन वर्षांसाठी जर्मनीची ऑफर दिली, तेव्हा टीममधल्या एका सीनियरने ‘जायच्या आधी हे वाच’ म्हणत पुस्तक हातात कोंबलं. मला वाटलं, काहीतरी मोटिव्हेशनल असेल. कसलं काय!

पहिलं महायुद्ध १९१८मध्ये संपलंय. जेक बार्न्स हा अमेरिकन पत्रकार पॅरिसमध्ये राहतो. युद्धातल्या जखमेने त्याचं शरीरसुख कायमचं हिरावून घेतलंय. ब्रेटवर त्याचं प्रेम आहे, तिचंही त्याच्यावर आहे आणि यातून काही होणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. भोवती मित्रांचं टोळकं. या कॅफेतून त्या कॅफेत. डॉलर तगडा, फ्रँक स्वस्त. मायदेशी दारूबंदी, इथे वाइनचा पूर. मग सगळी गँग स्पेनला, पाम्प्लोनाच्या उत्सवाला जाते. बैलांच्या झुंजी, भांडणं, हँगओव्हर. संपली कादंबरी.

पहिल्या वाचनात वैताग आला. अरे, ही तर आमचीच फ्रायडे नाइट! प्रोजेक्ट परक्या चलनावर चालणारं, मित्र सगळे बाहेरगावचे आणि ‘चला गोव्याला’ हा सगळ्या दुःखांवरचा एकच उतारा. त्यांच्यामागे निदान महायुद्ध होतं. आमच्यामागे फक्त अप्रेझल.

दुसऱ्या वाचनात मात्र पाम्प्लोनापाशी अडखळले. सान फर्मिनचा तो उत्सव ६ जुलैला सुरू होतो आणि १४ला संपतो. गावकऱ्यांना तो आपल्या शिमग्यासारखाच जिवाभावाचा. माँटोया नावाचा हॉटेलमालक जेकला फार मानतो, कारण या परदेशी माणसाला बैलांच्या झुंजीतलं खरंखुरं कळतं. आणि हाच जेक रोमेरो या कोवळ्या, गुणी मातादोरची ब्रेटशी गाठ घालून देतो. पुढे जे व्हायचं ते होतं. निघायच्या दिवशी माँटोया त्यांच्या जवळसुद्धा फिरकत नाही.

तेव्हा मला कळलं. ही माणसं चाकरमानी नाहीत, पाहुणे आहेत.

कोकणातल्या वाचकाला हा फरक सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या आमचं घर मुंबईच्या मनीऑर्डरवर चाललं. गणपतीत चाकरमानी लाल डब्यातून आला, १९९८पासून थेट कोकण रेल्वेने येऊ लागला. पण आला की आरतीत त्याचा आवाज, पालखीला त्याचा खांदा आणि भाऊबंदकीत त्याचा हिस्सा ठरलेला. पाहुण्याला उत्सव नुसता दिसतो. चाकरमान्याला वर्गणी द्यावी लागते!

मराठीतही याच जातकुळीची एक कादंबरी आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९ची. युरोपातून मुंबईला येणारी बोट, बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, त्यांच्यात हर्टा आणि प्रेमभंगाने कडवट झालेला आपला मराठी चक्रधर. इथे युद्ध मागे नाही, पुढ्यात उभं आहे. मुंबईला चक्रधर उतरू शकतो. हर्टाला उतरायला स्वतःचा देशच उरलेला नाही. हे वाचल्यावर जेकच्या टोळक्याचा मला थोडा रागच आला. त्यांना कधीही तिकीट काढता येत होतं.

आणि आमचा थिबा? नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजा-राणीला मद्रासमार्गे रत्नागिरीला आणून ठेवलं. एप्रिल १८८६मध्ये इथे आला तेव्हा तोही २७चाच! आपण ज्याला पॅलेस म्हणून मिरवतो तो लाल वाडा १९१०मध्ये पुरा झाला. म्हणजे वाड्यात राहायला मिळाली जेमतेम सहा वर्षं. डिसेंबर १९१६मध्ये तो इथेच वारला. जेककडे तिकिटाचे पैसे होते, पण कुठे जायचं ते कळत नव्हतं. थिबाला कुठे जायचं ते पक्कं ठाऊक होतं, पण जायची परवानगी नव्हती.

गंमत पुढे आहे. १९१९मध्ये राणी सुपायालत रंगूनला परतली, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीलाच आली. वाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांवर तिचा जीव जडला होता. त्यांची मुलगी टुटू इथेच वाढली, मराठी बोलली, इथेच संसार केला आणि २०००मध्ये इथेच गेली. आजोबांचा तुरुंग नातीचं गाव झाला. राजवाड्याने नाही, संसाराने.

आता माझं. आई गेल्यापासून बाबा घरी एकटे आहेत. सोबतीला तीस कलमं आणि भाट्याच्या पुलावरचा मासेमारीचा गळ. ‘मी जाऊ का?’ हे विचारायला गेले, पण तोंडातून शब्द फुटेना. म्हणून त्यांना हेमिंग्वेची मासेमारीची पानं सांगितली. इराती नदीवर जेक आणि बिल पाच दिवस मासे मारतात. अख्ख्या पुस्तकात माणसं शांत असतात ती एवढीच पानं.

‘आमिष कसलं लावलं?’ बाबांनी विचारलं.

‘जेकने गांडुळं.’

‘मग बरोबर आहे. कामाचा माणूस दिसतोय.’ थोडं थांबून म्हणाले, ‘तू जा गं. चाकरमानी हो, हरकत नाही. फक्त पाहुणी होऊ नकोस.’

त्यांच्या आवाजात काय होतं, ते इथे लिहीत नाही.

मी ‘हो’ कळवलंय. सोबत एकच अट, गणपतीत दहा दिवस रजा. एचआरचं उत्तर आलंय की तिन्ही वर्षांच्या तारखा आत्ताच फॉर्ममध्ये भर. सान फर्मिनचं बरं आहे हो, दरवर्षी ६ जुलै! आमचा बाप्पा भाद्रपदात येतो. सध्या पुढच्या तीन वर्षांची पंचांगं शोधतेय.